भोंग्याला झोपवायचं होतं

मारायचं असेल तर माणसानं मारा म्हणावं. ‘झोपवा’ हा काय शब्द झाला? झोपवतात ती तान्ही पोरं. तुझ्या बापाला मी झोपवलंय, तुला झोपवलंय, आणि दोघांनीही उठल्या उठल्या माझ्याच नावानं भोकाड पसरलंय. झोपवलेलं उठलं पाहिजे, एवढंच मला ठाऊक. तुम्ही लोक शब्दाला साखर लावून ठेवता, आणि माझ्यासारखीनं तो खरोखर गोड समजून तोंडात टाकला की म्हणता, म्हातारीला कळत नाही.

प्रिय टकळी,

आता खाली बस. उभ्यानं वाचू नकोस. भोंगा जिवंत आहे. मेला नाही, पुरला नाही, कुठं सोडूनही दिला नाही. मी हे लिहितेय आणि तो माझ्या पायाशी पडून गादीच्या खोळीच्या कापडाचा कोपरा चघळतोय, आणि ते कापड गिऱ्हाइकाचं आहे. तुझ्या बापानं तुला काय सांगितलं होतं ते मला गेल्या रविवारी कळलं. तोवर मला वाटत होतं, तू लाजेनं माझा फोन उचलत नाहीस. आणि तुला वाटत होतं, आजीनं आपला कुत्रा नेऊन संपवला. कुणी कुणावर रुसायचं ते मागाहून ठरवू. आधी काय झालं ते ओळीनं सांगते. मधेच उठून फोन लावायचा नाही. सगळा घोळ फोननंच घातलाय.

सुरुवात आवाजापासून झाली. तुला ठाऊकच आहे, कापूस पिंजायचं यंत्र घरघरत असेतो हा गप्प बसणार आणि यंत्र थांबलं रे थांबलं की उठून भुंकणार, जशी काही आम्हाला जेवायची सुट्टी हाच देतो. म्हणून तर तू त्याचं नाव भोंगा ठेवलंस. एके दिवशी यंत्र थांबलं, ह्यानं तोंड उघडलं आणि आत फाटक्या भात्यासारखं नुसतं फुस्स झालं. मला वाटलं कापूस गिळला. बोटं घालून घसा तपासला. काही नव्हतं. तो माझ्याकडे असा बघत होता की मीच त्याचा आवाज पळवलाय. मग मागच्या पायांची नखं फरशीवर घासायला लागली, खर्र खर्र. पंजा सरळ पडायच्या ऐवजी उलटा दुमडायचा आणि हा त्याच्या पाठीवरच चालायचा. उंबऱ्यात पाय अडकून पडला तेव्हा मी म्हटलं, नाटकं करतोय मेला, तू नोकरीला लांब गेल्यापासून तुझी आठवण आली की करतो तशी. नाटक नव्हतं.

शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या हातगाडीवर घालून त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण तुझ्याच वयाची असेल, हात कोपरापर्यंत ओरबाडलेले, केस कसेतरी वर बांधलेले. तिनं रबरी हातोडीनं गुडघ्यावर टिचकी मारली. पाय उडाला नाही. मग बोटाला चिमटा काढला. भोंग्यानं मान वळवून तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की एखादीला लाज वाटावी, पण पाय काही मागं घेतला नाही. ती म्हणाली, दुखतंय ते त्याला समजतंय, पाय ओढून घेता येत नाहीये. हे नसांचं दुखणं दिसतंय, पुढं कुठवर जातं ते बघू, पुढचे पाय गेले तर पुन्हा आणा. मी विचारलं, नस म्हणजे सुई टोचता तीच ना, मग एखादं इंजेक्शन द्या की तिच्यातच. ती हसली. म्हणाली, ती रक्ताची, ही निरोपाची.

दोन दिवस गेले नाहीत तोच पुढचे पायही गेले. कापूस न भरलेली खोळ जमिनीवर टाकावी तसा पसरला. मान उचलवेना. डोळे मात्र टक्क उघडे. दिवस नाही, रात्र नाही, डोळ्याला डोळा नाही. श्वास भराभर. मी पाणी चमच्यानं घालायची, तो गिळायचा आणि पुन्हा टक्क. ह्या अशा दिवसांत तुझा बाप आला. दारातूनच बघून त्याचा चेहरा पडला. त्यानं मोबाइल काढला, भोंग्याच्या तोंडाशी वाकला आणि चित्रण करून तुला पाठवलं. ते मी आता रविवारी पहिल्यांदा पाहिलं. नुसतं तोंड आहे गं त्यात. लाळ, जीभ आणि ते डोळे. ते बघून मीही तेच म्हटलं असतं जे तू म्हणालीस. पण तुझा बाप वाकल्याबरोबर मागं शेपटी फरशीवर आपटत होती, धप धप, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहत होते. चारही पाय गेले, गळा गेला, पण शेपटी कामावर हजर होती. ती त्या चित्रात आलीच नाही. तुझ्या बापानं आयुष्यभर कुठलीही गोष्ट पुढून पाहिली आणि घाबरून परत फिरला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. आवाज असा, जशी काही शेजारी झोपलेली माणसं उठतील. म्हणाला, आई, ती म्हणतेय त्याचे हाल नकोत, डॉक्टरकडे नेऊन झोपवा. मी म्हटलं, बरं. आणि फोन ठेवून तुझं मनातल्या मनात कौतुक केलं. म्हटलं, पोरगी लांब बसलीय पण नजर आहे तिला. चार दिवस कुत्रा जागा आहे हे तिनं एवढ्याशा चित्रात ओळखलं, आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही की झोपेचं औषध द्यावं. जागरणानं तर माणूसही खलास होतो.

मग मी कामाला लागले. म्हटलं, झोपवायचं तर नीट झोपवू. चांगला नवा कापूस काढला, दोनदा पिंजला, जाड खोळ शिवली, भरली, दाभण घेऊन टाके घातले. गिऱ्हाइकाच्या गादीला घालते त्याहून जवळ घातले, लोळताना कापूस सरकू नये म्हणून. एका गिऱ्हाइकाला पुढच्या आठवड्यात या म्हणून पिटाळलं. गादी हातगाडीवर घातली, गादीवर भोंगा घातला आणि आमची वरात निघाली.

दवाखान्यात मी सांगितलं, ह्याच्या मालकिणीचा निरोप आहे, झोपवा. डॉक्टरणीनं त्याला पुन्हा तपासलं, छातीवर नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, घरात सगळ्यांचं ठरलंय ना. मी म्हटलं, ह्यात ठरवायचं काय, बघवत नाही आता. ती म्हणाली, उपाय अगदीच नाहीत असं नाही, पण फार करावं लागतं आणि तुम्ही एकट्या. मी म्हटलं, ते उपाय नंतर बघू, आधी ह्याला झोपवा. तिनं मान हलवली. विचारलं, तुम्ही जवळ थांबणार का, पुष्कळांना थांबवत नाही. मी म्हटलं, थांबणार म्हणजे काय, घरी न्यायचाय मला, गादी उगीच आणलीय का. ती गादीकडे बघत राहिली. टाक्यांवरून हात फिरवला. तिचे डोळे भरले. मला वाटलं, हल्ली हातानं शिवलेली गादी कुणी पाहिलेली नसते, म्हणून असेल.

तिनं भोंग्याच्या पुढच्या पायावरचे केस काढले, सुई भरली. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. आणि तेवढ्यात मला खाण्याचं आठवलं. मी विचारलं, “उठल्यावर लगेच खायला देऊ का थोड्या वेळानं?”

टकळे, एवढंच बोलले मी. ती बाई सुई हातात धरून तशीच उभी. मग तिनं ती तबकात ठेवली, तबक लांब सरकवलं आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. म्हणाली, “आजी, झोपवणं म्हणजे काय, हे तुम्हाला कुणी सांगितलंय का?”

नव्हतं सांगितलं. तिनं सांगितलं.

मी तिला काय काय बोलले ते ह्या कागदावर मावणार नाही आणि लिहिण्यासारखंही नाही. तुम्ही समोर नसताना तुलाही बोलले, तुझ्या बापाला तर जन्मापासूनचं सगळं काढलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पाणी दिलं. म्हणाली, चूक माझीही आहे, मी सरळ शब्दात विचारायला हवं होतं, आम्हालाही तो शब्द तोंडातून काढायला जड जातो. मी म्हटलं, जड असलेलं जडच बोलावं बाई, म्हणजे समोरच्याला हात पुढं करता येतो.

मग तिनं मला दुखणं समजावलं. मेंदू ठीक आहे, पाठीचा कणा ठीक आहे. कण्यातून निघून पायांकडे, गळ्याकडे जाणाऱ्या ज्या नसा, त्या बिघडल्यात. शरीराची राखण करणारी फौज असते ना, ती चुकून घरच्याच माणसांवर तुटून पडलीय. मी म्हटलं, म्हणजे मालक हुकूम सोडतोय, पण निरोप्या वाटेत बसून राहिलाय. ती म्हणाली, अगदी तसंच. औषधानं हे पळत नाही, वेळ जावा लागतो. श्वासाच्या नसांवर आलं तर संपलं, तो धोका आता ह्याच आठवड्यात. तो टळला तर बहुतेक कुत्री उठतात, पण महिने लागतात. काही उठतात आणि थोडं लंगडत राहतात. थोडी नाही उठत. आणि एखाद्याला बरं झाल्यावर पुन्हाही होतं. तिनं काही लपवलं नाही, म्हणून मीही तुझ्यापासून लपवत नाही.

आणि माझी ती गादी. फार मऊ निघाली. डॉक्टरीण म्हणाली, ह्याच्यात तो रुतून बसेल, कूस बदलता येणार नाही, छाती दबेल. कडक हवी, पातळ हवी, वर पुसता येईल असं कापड हवं. आयुष्यभर गाद्या भरल्या आणि कुत्र्याच्या गादीत नापास झाले. तिथंच टाके उसवले, अर्धा कापूस काढला. तो काढलेला कापूस अजून कोपऱ्यात पडलाय, भोंगा बरा झाला की तुझ्यासाठी उशी भरीन म्हणून ठेवलाय. दुखणं कमी व्हायला तिनं एक गोळी दिली. घरी येईतो हा खरोखर झोपला. पहिल्यांदा डोळे मिटले.

आता पुढचं ऐक, इथं डोकं धरशील. घरात आलो, मी आणि इस्त्रीवाला दोघं मिळून त्याला गादीसकट खाली ठेवत होतो, एवढ्यात माझा फोन वाजला. माझे दोन्ही हात भोंग्याखाली. इस्त्रीवाल्यानं फोन उचलला. पलीकडे तुझा बाप, तोच दबका आवाज, झोपवलं का म्हणून विचारतोय. इस्त्रीवाला बिचारा गादीकडे बघून म्हणाला, हो हो, आत्ताच झोपवलं, अगदी शांत आहे. मी म्हटलं, कोण होतं. तो म्हणाला, मालक होते, बरं म्हणाले, रडल्यासारखे वाटले. मी म्हटलं, रडू दे, त्यानं रडायलाच पाहिजे.

बघितलंस? त्या गरिबानं एक अक्षर खोटं सांगितलं नाही.

मग किती दिवस तुझा बाप आलाच नाही. फोनवर विचारायचा, आई, तू बरी आहेस ना. मी म्हणायची, मला काय धाड भरलीय. तो भोंग्याचं नाव काढायचा नाही, माझं मन दुखेल म्हणून. मी काढायची नाही, कारण मला राग होता की ज्यानं मारायला पाठवला त्याला आता विचारावंसंही वाटत नाही. तुझी आईही इकडचं तिकडचं बोलून फोन ठेवायची. आणि तू तर उचलतच नव्हतीस. घरातली सगळी माणसं एकमेकांना जपत होती आणि कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

इकडे मी भोंग्याची कूस बदलत होते. आधी डावी, मग उजवी, मग उभं धरून छाती मोकळी करायची. हाडं वर आलेल्या जागा चोळायच्या. पाय एकेक करून पुढं मागं, सायकल चालवल्यासारखे. खाणं पातळ करून, मान वर धरून, एकेक घास. बाकीचं तुला सांगत नाही, लहानपणी तुझंही केलंय, तू त्याच्यापेक्षा जास्त ओरडायचीस. तो श्वासाचा आठवडा गेला. ते दिवस मी यंत्र बंदच ठेवलं, त्याचा श्वास ऐकू यावा म्हणून. मग एके दिवशी मी त्याच्या तोंडाशी वाडगा घेऊन गेले तर हा मान उचलून बसलेला, आणि उशीर का झाला असा चेहरा. नंतर छाती टेकून बसायला लागला. आता पुढचे पाय अंग पेलतात. मागचे थरथरतात, पंजे दुमडतात, नखं घासून रक्त येतं म्हणून मी खोळीच्या कापडाचे मोजे शिवलेत. दोन त्यानं खाल्ले. पोटाखालून कापडाचा पट्टा घालून मी मागून उचलून धरते आणि तो दारापर्यंत जातो. मांड्या गळून गेल्यात, नुसत्या काड्या. आवाज अजून आला नाही. तोंड उघडतो, फुस्स करतो, आणि आपण भुंकलो ह्या समाधानात बसतो.

गेल्या रविवारी तुझा बाप न सांगता आला. दार ढकललं, आणि शेपटी सुरू झाली, धप धप. तो कापसाच्या गठ्ठ्यावर मटकन बसला. मी विचारलं, भूत बघितल्यासारखं काय करतोस. तेव्हा सगळं बाहेर आलं. तू दोन दिवस कामावर गेली नाहीस. भोंग्याच्या गळ्यातला पट्टा तू उशाशी घेऊन झोपतेस, इथून नेलेला तो जुना लाल. हे त्यानं सांगितलं तेव्हा मी चहा टाकायला आत गेले आणि जरा वेळ आतच राहिले.

परत आले तर बाप आणि कुत्रा जमिनीवर. भोंग्याचं डोकं तुझ्या बापाच्या मांडीवर. मला वाटलं, घोळ संपला, आता तुला फोन लावील. पण तेवढ्यात भोंग्याला बाहेर जायचं होतं, मी पट्टा घालून उचलला आणि माझ्याच पायात पाय अडकला. पडले नाही, भिंतीनं धरलं. कंबर मात्र बोलली. तुझ्या बापानं ते पाहिलं, आणि पुन्हा त्याचा तो चेहरा झाला.

त्याला वाईट समजू नकोस. मी समजले होते, मग रात्रभर विचार केला आणि सोडलं. त्याला आई एकच आहे आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत भिंतीवर आदळली. तो म्हणाला, अजून किती महिने, कुणी सांगू शकत नाही. पुरता बरा होईल का, कुणी सांगू शकत नाही. उद्या पुन्हा असाच पडला तर? मग जे म्हणाला ते लिहिते, कारण हे पत्र त्यासाठीच आहे. तो म्हणाला, “आई, तिचं रडून झालंय. तिच्यासाठी तो गेलाच आहे. आता ते केलं तर कुणालाच नवीन दुःख नाही.”

मला त्याच्यावर ओरडता आलं नाही. त्याच्या बाजूनं ते खरं होतं. मी एवढंच म्हटलं, कुत्रा तुझा नाही, माझाही नाही. तो म्हणाला, जिचा आहे तिनं सांगितलंय, तिचा शब्द आहे. महिनाअखेरच्या रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. तोवर तुला काही कळवायचं नाही, असं त्यानं माझ्याकडून कबूल करून घ्यायचा प्रयत्न केला. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, कप उचलून आत गेले.

तेव्हा तुझा शब्द तू परत घे, नाहीतर पुन्हा दे. आधी दिलास तेव्हा तुझ्यापुढं नुसतं तोंड होतं, आता तुला सगळा कुत्रा सांगितलाय, शेपटीसकट आणि गळालेल्या मांड्यांसकट, आणि पुन्हा होऊ शकतं हेही. माझ्या कंबरेचा विचार करायचा नाही. इस्त्रीवाला सकाळ-संध्याकाळ हात लावतो म्हणालाय, आणि कंबर माझी आहे, तिचं मी बघून घेईन. ठेव म्हणालीस तर ठेवीन, आणि तुला सुट्टी मिळेल तेव्हा येऊन त्याचं ते फुस्स ऐकून जा. नको म्हणालीस तर तुझ्या बापाच्या गाडीत त्याला पाठवणार नाही, मी स्वतः त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसेन, आणि तुला कधी एका शब्दानं बोलणार नाही. दोन्हीपैकी जे असेल ते कागदावर, मला एका दमात वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात लिही आणि कुरिअरनं माझ्या नावावर पाठव. बापाला विचारायचं नाही. आईकडून निरोप द्यायचा नाही. त्या दोघांनी काहीही सांगितलं तरी मी ऐकणार नाही. उत्तर तू द्यायचंस, तुझ्या हातानं.

तुझीच,
अजून ताठ उभी असलेली
आजी